तक्रार क्लोज, खड्डा चालू: आमच्या प्रकल्प नोंदी

४ जून

सुरुवात जिन्यात झाली. मागच्या कोपऱ्यावरच्या खड्ड्याची तक्रार मी केली होती, समोरच्या बिल्डिंगमधल्या ताईंनी केली होती, वरच्या मजल्यावरच्या काकांनी तर दोनदा केली होती, आणि चारही तक्रारींना तोच मेसेज आला की आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. खड्डा आहे तिथेच. उलट चार बोटं रुंद झालाय. चार टोकन नंबर, चारही क्लोज, आणि आम्हाला एकमेकांचं आज कळतंय.

तर ठरलं असं की एक शीट करायची, तिघांनी मिळून भरायची, आणि पालिकेच्या अ‍ॅपवर काय दिसतंय त्याच्या शेजारी रस्त्यावर काय दिसतंय ते लिहायचं. काका रिटायर्ड इलेक्ट्रिशियन, ताई शाळेत शिकवतात, मी दिवसभर ऑफिसात एक्सेलच बघते त्यामुळे शीट माझ्या गळ्यात पडली.

पहिलं भांडण लगेच झालं. एक ओळ म्हणजे एक तक्रार की एक जागा? मी म्हटलं तक्रार, कारण टोकन नंबर तक्रारीला असतो. काका म्हणाले अगं खड्डा एकच आहे ना. मी जिंकले. (ही चूक होती, पुढे येईलच.)

६ जून

दोन संध्याकाळी फिरलो. ६१ गोष्टी निघाल्या. खड्डे, बंद दिवे, फुटपाथच्या उचकटलेल्या फरश्या, तुंबलेली गटारं, अर्धवट बसलेली चेंबरची झाकणं, कुणीतरी आणून टाकलेला राडारोडा, एक झाड जे सिग्नलच्या लाल दिव्यावर आडवं आलंय. इतक्या वर्षांत रोज त्याच रस्त्यानं जाते आणि निम्म्या गोष्टी मला दिसल्याच नव्हत्या, म्हणजे दिसत असणार पण पायाला सवय झाली की डोळा बघत नाही.

रात्री जरा वाचत बसले की हे बाकीच्यांनी कसं केलंय. अमेरिकेत १९९६ ला बाल्टिमोरनं ३११ नंबर सुरू केला, तो आधी फक्त पोलिसांसाठी होता, कारण लोक किरकोळ गोष्टींसाठीही इमर्जन्सीच्या ९११ ला फोन करायचे आणि ती लाईन अडकायची. मग १९९९ ला शिकागोनं तोच नंबर शहराच्या सगळ्या कामांना लावला आणि २००३ मध्ये न्यूयॉर्कनं. म्हणजे मूळ उद्देश तक्रारी सोडवणं नव्हताच, फोनची गर्दी दुसरीकडे वळवणं होता. हे कळल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

ब्रिटनमध्ये २००७ ला फिक्समायस्ट्रीट आलं, ते सगळ्यांना दिसेल असं तक्रारींचं पान ठेवतं, आणि त्यातली एक गोष्ट मला फार आवडली: तक्रार केल्यावर ४ आठवड्यांनी ज्यानं तक्रार केली त्यालाच मेल करून विचारतात, झालं का काम? पालिकेला नाही विचारत. हे आपण उचलायचं.

आणखी एक सापडलं. शहरांच्या तक्रार सिस्टिम एकमेकांशी बोलाव्यात म्हणून ओपन३११ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात तक्रारीचं स्टेटस दोनच प्रकारचं असू शकतं, ओपन किंवा क्लोज्ड. शेरा लिहायला वेगळी जागा आहे पण स्टेटस दोनच. काम झालं म्हणून क्लोज, आमच्या खात्याचं नाही म्हणून क्लोज, जागा सापडली नाही म्हणून क्लोज, डुप्लिकेट म्हणून क्लोज, सगळं एकाच पोत्यात. आमच्या शीटमध्ये आज दोन कॉलम वाढवले: "अ‍ॅप काय म्हणतं" आणि "जागेवर काय आहे".

९ जून

आजचा दिवस लोकेशनमध्ये गेला.

६१ पैकी ११ जागा आम्हालाच परत सापडेनात. ताईंनी लिहिलेलं "पांढऱ्या गाडीसमोर". गाडी गेली. मी लिहिलेलं "वळणावर". कुठल्या वळणावर, चार आहेत.

मग पिन टाकायचं ठरलं. मोबाईलचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं, उंच बिल्डिंगांमध्ये ते आणखी भरकटतं, आणि ५ मीटर म्हणजे रस्त्याची ही बाजू की ती बाजू एवढा फरक सहज पडतो. अक्षांश-रेखांश लिहिताना दशांशचिन्हानंतर ५ आकडे पुरतात, अक्षांशात पाचवा आकडा साधारण १.१ मीटर होतो, ४ ठेवले तर ११ मीटर, ३ ठेवले तर १११ मीटर म्हणजे पुढची गल्ली. मी आधी शीटमध्ये कॉलम आखूड केला होता आणि त्यानं आकडे गुंडाळून ३ वर आणले, त्यामुळे सगळ्या पिना एका रेषेत उभ्या, शाळेच्या प्रार्थनेसारख्या.

काकांचा उपाय सगळ्यात भारी निघाला. प्रत्येक दिव्याच्या खांबावर नंबर रंगवलेला असतो. तो लिहा. "खांब क्रमांक अमुकपासून तमुककडे जाताना ८ पावलं, डावीकडे." खांब कुठे जात नाही आणि पालिकेकडे त्याची यादी असते.

फोटोचे नियम: एक लांबून ज्यात खांब किंवा गेट दिसेल, एक जवळून ज्यात पेन किंवा चप्पल ठेवलेली असेल म्हणजे मापाचा अंदाज येतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की त्यातली लोकेशनची माहिती उडते, त्यामुळे पिन वेगळी लिहायचीच.

१४ जून

तक्रार लिहायची कशी यावर एक तास. ताईंनी वहीच तपासावी तशी माझी जुनी तक्रार तपासली. मी लिहिलं होतं: "आमच्या भागात रस्त्यांची अवस्था अत्यंत दयनीय असून गटारेही तुंबली आहेत व पथदिवेही बंद आहेत, कृपया त्वरित लक्ष द्यावे." ताई म्हणाल्या यात तीन खाती आहेत आणि एकही पत्ता नाही. खरंच की. ही तक्रार रस्तेवाल्याकडे गेली तर तो म्हणणार दिवे माझे नाहीत, आणि क्लोज करणार, आणि त्याचंही चूक नाही.

आता असं लिहितो: "खांब क्र. अमुकच्या पायथ्याशी चेंबरचं झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा वीतभर खाली, दुचाकीचं पुढचं चाक आत जातं, काल रात्री एक जण पडला." एक तक्रार, एक गोष्ट, एक जागा. "दयनीय" आणि "त्वरित" हे शब्द बंद. त्यानं कुणीही हललेलं मी पाहिलं नाहीये.

१८ जून

काकांचं बरोबर होतं. एक ओळ म्हणजे एक जागा.

झालं असं की ६१ जागांवर बघता बघता शेजाऱ्यांच्या जुन्या-नव्या मिळून १०० च्या वर तक्रारी जमल्या आणि माझ्या शीटमध्ये कोपऱ्यावरचा खड्डा सहा ओळींमध्ये होता, त्यातल्या पाच "क्लोज्ड". शीटकडे बघितलं की वाटावं वा काय काम झालंय. आज सगळं उलटं केलं. प्रत्येक जागेला आमचा नंबर, त्याखाली त्या जागेच्या सगळ्या तक्रारी तारखेसकट. कोपऱ्यावरचा खड्डा झाला जागा १४. आणि उलटं करताच दिसलं की जागा १४ वर गेल्या वर्षभरात तीन वेळा खरोखर काम झालंय, डांबर टाकून गेलेत, आणि तीनही वेळा दीड-दोन महिन्यांत परत खड्डा. म्हणजे मेसेज खोटे नव्हते! निदान सगळे नव्हते. काम होतंय आणि टिकत नाहीये, हा प्रश्नच वेगळा आहे आणि तक्रारवार यादीत तो दिसणारच नव्हता.

डुप्लिकेट तक्रार म्हणून पालिका जे फेकून देते ते फेकू नये असं माझं मत झालंय. सहा वेळा एकच गोष्ट सांगितली गेली ही माहिती आहे.

२१ जून

एक वासाची तक्रार आली. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एकीनं सांगितलं की रात्री कधीतरी जळक्या प्लास्टिकचा वास येतो. पिन कुठे टाकणार? वास जिथे येतो तिथे की जिथून येतो तिथे?

यावर न्यूयॉर्कची गोष्ट आठवली, ती लिहूनच ठेवते. २००५ च्या शरद ऋतूत तिथे लोकांना अचानक गोड वास यायला लागला, मॅपल सिरपसारखा, मग गेला, मग परत आला, काही वर्षं हे चालू, लोक घाबरून ३११ ला फोन करायचे. शेवटी त्या फोनच्या जागा आणि वेळा नकाशावर मांडल्या, त्यावर त्या त्या वेळची वाऱ्याची दिशा ठेवली आणि माग काढत गेले तर नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका कारखान्यापाशी पोचले. फेब्रुवारी २००९ मध्ये महापौर ब्लूमबर्गनी जाहीर केलं. कारखान्यात काय होतं, तर मेथीदाणे! त्यांच्यावर प्रक्रिया चालायची. मेथीदाण्यात सोटोलोन नावाचं द्रव्य असतं आणि तेच मॅपल सिरपच्या वासातही असतं. आपल्याकडचा कुणीही नाक वर करून सांगू शकला असता, पण ते असो.

मुद्दा हा की एका फोननं काही कळलं नसतं. वासाच्या ओळीला आता वेळ आणि वारा कुठून हे दोन कॉलम. वाऱ्याची दिशा ताई गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून सांगतात, चालेल.

२७ जून

जागा २२. आजची नोंद काकांची, मी फक्त टाईप करतेय.

दिवा बंद अशी तक्रार पाच वेळा, पाचही वेळा "तपासणी केली, दिवा सुस्थितीत" लिहून क्लोज. सगळे चिडलेले, मी तर त्या वायरमनबद्दल काय काय बोलले होते. काका मात्र तीन रात्री गॅलरीत खुर्ची टाकून बसले, थर्मासमध्ये चहा, हातात वही. वहीत असं:

पहिली रात्र: सगळे दिवे ६.५० ला लागले, हा नाही. ११.०४ ला आपोआप लागला. सकाळपर्यंत चालू.
दुसरी रात्र: ११.०२ ला लागला.
तिसरी: ११.०३.

आणि अकराला काय होतं? समोरच्या जाहिरातीच्या बोर्डाचे फोकस बंद होतात. खांबाच्या डोक्यावर उजेड ओळखणारा सेन्सर असतो, फोटोसेल, अंधार पडला की तो दिवा लावतो. त्याचं तोंड बरोबर त्या फोकसकडे. बोर्ड चालू असेपर्यंत त्याच्या लेखी दिवसच. लगेच विझत-लागत नाही कारण सेन्सरमध्ये एक-दोन मिनिटांचा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर वीज चमकली की दिवे लुकलुकतील. मग तक्रार आली की माणूस दिवसा येणार, सेन्सरवर हात ठेवणार, दिवा लागणार, सुस्थितीत. तो खोटं लिहीत नव्हता!!

काकांनी तक्रारीत फक्त एवढंच लिहिलं: "दिवा रात्री ११ पर्यंत बंद, ११ नंतर चालू. बोर्डाचा उजेड फोटोसेलवर पडतो. सेन्सर फिरवावा." सोबत तीन रात्रींच्या वेळा आणि खांब नंबर. चौथ्या दिवशी शिडी आली, माणसानं सेन्सर फिरवला, दहा मिनिटं लागली असतील.

या प्रकल्पात आत्तापर्यंत सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू खुर्ची आहे.

१ जुलै

महिन्याचा हिशोब. अ‍ॅपवर १७ जागा क्लोज्ड. आम्ही पायी जाऊन बघितल्या: ९ खरंच झाल्यात. ३ ठिकाणी काम झालंय पण शेजारच्या जागेवर (आमच्या चुकीच्या पिनांमुळे दोन, तिसऱ्याचं माहीत नाही). ५ ठिकाणी काहीही नाही. "जागेवर काय आहे" या कॉलममध्ये फोटो असल्याशिवाय झालं असं लिहायचं नाही.

५ जुलै

आवाज. ताईंच्या मागच्या बाजूला एका गच्चीवरच्या मशिनची घरघर येते, रात्री उशीला कान लावला की जास्त. मोबाईलच्या अ‍ॅपनं मोजला तर ३८, ३९ डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या बाहेरच्या आवाजाची जी मर्यादा सुचवली ती ४० आहे (वर्षभराच्या सरासरीची, एका रात्रीची नाही). म्हणजे आकड्यावर तक्रारच बसत नाही आणि ताईंना झोप नाही.

मग लक्षात आलं अ‍ॅप आकडा "ए वेटिंग" लावून देतं. माणसाच्या कानाला जाड, म्हणजे खर्जातला आवाज कमी ऐकू येतो असं धरून मोजमापात तो कापतात, १०० हर्ट्झला साधारण १९ डेसिबल, ५० हर्ट्झला ३०. घरघर नेमकी त्याच टापूतली. अ‍ॅपमध्ये "सी वेटिंग" (यात जाड आवाज फारसा कापत नाहीत) निवडलं तर तोच आवाज ५८. शिवाय मोबाईलचा माईक जाड आवाजाला मुळातच मठ्ठ असतो, तेव्हा हा आकडा कुठे पुरावा म्हणून द्यायचा नाही, दोन आकड्यांतलं अंतर मात्र सांगतं की आवाज जाड आहे. आणि जाड आवाज भिंतीतून, स्लॅबमधून येतो, खिडकी बंद करून काही होत नाही.

आम्ही तक्रार लिहायला बसलो होतो तेवढ्यात ताई म्हणाल्या थांबा, मी जाऊनच येते. गेल्या, चहा पिऊन आल्या. मशिनच्या पायाखालचं रबर झिजून लोखंड थेट स्लॅबवर बसलं होतं. मालकाला माहीतच नव्हतं, तो खालच्या मजल्यावर झोपतो. दोन दिवसांत रबर बदललं. स्टेटस कॉलममध्ये काय लिहू? "तक्रार केली नाही, झालं" असा नवीन पर्याय टाकला.

९ जुलै

आज वाईट वाटलं. शीट आता वीसेक जण बघतात, त्यातल्या एकानं एकाच घराबद्दल सात ओळी भरल्या. कचरा, कुत्रा, गाडी, गाणी, कुंड्यांचं पाणी. फोटोत त्या घरातली मुलगी दिसतेय. विचारलं तर कळलं दोघांचं पार्किंगवरून जुनं भांडण आहे. काका म्हणाले काढून टाक सगळं. ताई म्हणाल्या कुंड्यांचं पाणी खरंच खाली पडतं, ते खोटं नाही.

शेवटी: फोटोत माणूस, चेहरा, गाडीचा नंबर, दारावरची पाटी नको. माणसाच्या नावाची ओळ शीटमध्ये येणार नाही, जागेची येईल. शेजाऱ्याशी असलेलं भांडण आधी बोलून. बोलणं धोक्याचं वाटत असेल तर ज्याचं त्यानं थेट पालिकेकडे किंवा पोलिसांकडे जावं, आमच्या शीटवरून नाही. सात ओळी काढल्या, कुंड्यांची सुद्धा. ते गृहस्थ ग्रुप सोडून गेले, जाताना दोन ओळी सुनावून गेले, जाऊ दे.

१३ जुलै

नकाशावर सगळ्या पिना एकत्र बघितल्या तर मागची बोळ कोरी. एकही पिन नाही. पहिला विचार (माझा): चला, तिथे तरी बरं आहे. ताईंनी फक्त माझ्याकडे बघितलं.

२०१२ मध्ये बोस्टननं स्ट्रीट बंप नावाचं अ‍ॅप काढलं होतं, मोबाईल गाडीत ठेवायचा, चाक आदळलं की मोबाईलमधला सेन्सर आपोआप खड्डा नोंदवणार. कल्पना झकास, पण स्मार्टफोन ज्यांच्याकडे जास्त त्या वस्त्यांतले खड्डे जास्त दिसणार, गरीब आणि म्हाताऱ्या माणसांच्या वस्त्या गुळगुळीत. आणि मोबाईलला जे धक्के बसले त्यातले बरेचसे खड्डे नव्हतेच, रस्त्याशी पातळी न जुळणारी चेंबरची झाकणं होती.

बोळीत गेलो. १९ गोष्टी निघाल्या. गटाराचं पाणी दारात येतं, चार घरांनी उंबऱ्याला विटा लावल्यात. एक आजी म्हणाल्या, "सांगून काय व्हायचंय बाई, पूर्वी सांगत होतो." त्यांना अ‍ॅप माहीत नाही असं नाही, नातवानं टाकून दिलंय. त्या थकल्यात. अ‍ॅपवर न आलेली तक्रार कशी मोजायची याला माझ्याकडे कॉलम नाही. ताई दर रविवारी तिकडे जाणार, वही घेऊन, आणि झालं-न झालं ते तोंडी परत सांगणार.

१९ जुलै

जागा १४, परत.

गेले नऊ दिवस पाऊस नाही. आसपासचे सगळे खड्डे कोरडे, याच्या तळाशी पाणी. मी वाटीनं उपसलं. वीस मिनिटांत परत बोटभर. आणि खड्ड्याच्या वरच्या अंगाला डांबरावर एक ओला डाग, ताटाएवढा, कडेला पांढुरकी रेघ, भर दुपारीही वाळत नाही.

रस्ता पाण्यानंच मरतो. डांबराला भेग पडते, पाणी आत जातं, खालची खडी-माती भिजून सैल होते, वरून चाक गेलं की ते पाणी दाबानं इकडेतिकडे सरकतं आणि खडीला चिकटलेलं डांबर सुटत जातं, मग वरचा थर खाली बसतो आणि तुटतो. इथे पाणी वरून येत नाहीये, खालून येतंय. वरून कितीही डांबर ओता.

आता ते पाणी गटाराचं की नळाचं? हे ठरल्याशिवाय कुठलं खातं ते ठरत नाही. वास नाही. मी क्लोरीन तपासायचं थेंबांचं किट आणलं, पोहण्याच्या तलावाचं पाणी बघायला वापरतात ते, थेंब टाकले आणि पाणी फिकट पिवळं झालं. क्लोरीन आहे, म्हणजे शुद्ध करून नळाला सोडलेलं पाणी. (पिवळं झालं नसतं तरी नळाचं नाही असं म्हणता आलं नसतं, मातीतून येताना क्लोरीन संपतो.) रात्री दीड वाजता काका लोखंडी सळई घेऊन आले, एक टोक रस्त्याला, दुसरं कानाला. पाणीपुरवठ्याची जुनी माणसं अशीच गळती ऐकायची, रात्री वाहतूक नसते आणि नळ बंद असल्यानं पाईपात दाब जास्त असतो म्हणून. मलाही ऐकवलं. आधी काहीच नाही, नुसता माझाच श्वास. मग सळई त्या डागाकडे दोन पावलं सरकवली आणि बारीक सूं... सूं... कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतं तसं, न थांबता.

इतके महिने आम्ही रस्तेवाल्यांना शिव्या देत होतो.

२४ जुलै

पालिकेच्या इंजिनिअरांना भेटलो. जागा १४ चं एक पान प्रिंट काढून नेलं होतं: सहा तक्रारी, तीन वेळा डांबर, डागाचा फोटो, पिवळं पाणी, खांब नंबर. मला वाटलं होतं वाद होईल. त्यांनी पान दोनदा वाचलं आणि आपला स्क्रीन आमच्याकडे फिरवला.

स्क्रीनवर यादी तक्रारींची. प्रत्येकीपुढे उरलेले तास. तास संपले की लाल होतं आणि लेखी खुलासा. दुसऱ्या खात्याकडे पाठवली तरी घड्याळ त्यांच्याच नावावर चालू राहतं. आणि जुनी क्लोज झालेली तक्रार नव्या तक्रारीसोबत दिसत नाही, त्यामुळे सहावी तक्रार आली तेव्हा त्यांच्या लेखी ती पहिलीच. म्हणाले, "मॅडम, मी खड्डा बघत नाही, मी घड्याळ बघतो." गुडहार्ट नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये चलनधोरणातल्या आकड्यांबद्दल जे म्हटलं होतं की ज्या मापावर नियंत्रण ठेवायला जाल ते माप मोडतं, ते इथे खुर्चीत बसलेलं होतं. माझा राग गेला असं नाही, पण तो कुठे ठेवायचा ते कळेनासं झालं.

त्यांनी आमची जागावार यादी मागितली. आणि पाणीपुरवठ्याच्या माणसाला तिथूनच फोन लावला.

३० जुलै

खणलं. काका सकाळी सातपासून तिथेच. सव्वा मीटर खाली मोठ्या पाईपावर एका घराची नळजोडणी बसवलेली जागा, तिथला पट्टा गंजून सैल, त्यातून पाण्याची सुतळीएवढी धार. तेवढीच! पट्टा बदलला, धार थांबली.

पण खड्डा बुजवताना काकांनी हुज्जत घातली. माती एकदम ढकलून वरून दोनदा चाक फिरवायचं चाललं होतं. थराथरानं भरा, प्रत्येक थर ठोका, नाहीतर महिन्यात बसेल. कंत्राटदाराचा मुलगा वैतागला, पण तीन थरांत भरलं. चार हवे होते म्हणे. डांबर नंतर येणार, तोवर खडी.

अ‍ॅपवर जागा १४ संध्याकाळीच क्लोज्ड. आमच्याकडे: "गळती बंद. रस्ता बाकी."

८ ऑगस्ट

डांबर आलं नाही. पाऊस आला. खडी बसून बशीसारखं झालंय आणि त्यात पाणी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण ८ ते १० दिवस पुरतात, म्हणून साठलेल्या पाण्याच्या सगळ्या ओळी आठवड्याला बघायच्या असा नियम केला आणि पहिलीच ओळ आमच्याच सोडवलेल्या जागेची. ताईंनी मुलांकडून चर काढून पाणी गटारात सोडलं. नवीन तक्रार टाकली, त्यात जुने सहाही टोकन नंबर लिहिले.

१२ ऑगस्ट

डांबर झालं. बोळीतल्या गटाराचं काम सुरू, आजींच्या दारासमोर पहिलं झाकण उघडलं. आत एक अख्खी सायकलची ट्यूब.

वासाच्या ओळीत आता १४ वेळा झाल्या, सगळ्या रात्री दहानंतरच्या आणि सगळ्या वारा पूर्वेकडून असतानाच्या. पूर्वेला कुणी राहत नाही, पडीक जागा आहे. काका खुर्ची घेऊन जायचं म्हणतायत, मी एकटं जाऊ नका म्हटलं.

९ सप्टेंबर

जागा १४ ची चार आठवड्यांची तपासणी. मध्ये दोनदा जोराचा पाऊस होऊन गेला. डाग नाही. काकांनी रात्री सळई लावली, काही ऐकू आलं नाही, मलाही नाही. डांबर एका कडेला बोटभर बसलंय, जिथे चौथा थर नव्हता तिथेच असं काकांचं म्हणणं, ते म्हणणारच. चप्पल ठेवून फोटो काढला.

"झालं" लिहू का विचारलं. काका म्हणाले अजून एक महिना थांब. "बघतोय" ठेवलंय.